तळं राखणाऱ्याचा हिशेब

'तळे राखी तो पाणी चाखी' ही म्हण आपण इतक्या सहजपणे वापरतो, की तिच्यात तक्रारीपेक्षा कबुलीच जास्त असते. ज्याच्याकडे तळ्याची राखण, त्याने ओंजळभर पाणी प्यायलं तर कुणी हरकत घेत नाही. भांडण सुरू होतं ते ओंजळ केवढी होती, यावरून. ते मिटवायचं तर राखणदार कामावर आला त्या दिवशी त्याच्या घरी किती हंडे होते आणि आज किती आहेत, याची कुठेतरी नोंद हवी. सार्वजनिक पदावरच्या माणसाने आपल्या मालमत्तेचं विवरण द्यावं, या नियमामागे एवढाच साधा विचार आहे. त्यात कुणाला आधीच चोर ठरवण्याचा हेतू नाही.

हे विवरण आता कागदाऐवजी संगणकावर भरून घेण्याची पद्धत रुळत चालली आहे. त्याने काय साधतं, काय साधत नाही आणि सामान्य मतदाराने त्याचा उपयोग कसा करावा, हे आज आपण पाहू. सोयीसाठी आपला मावळ तालुका आणि लोणावळा शहर डोळ्यांपुढे ठेवू. कारण गल्लीतल्या नगरसेवकाला आणि गावच्या सरपंचाला आपण रोज पाहतो. दिल्लीच्या खासदाराचा हिशेब मात्र आपण वर्तमानपत्रातच वाचतो.

जमिनीचा तालुका

मावळात लोणावळा आणि तळेगाव दाभाडे या नगरपरिषदा आहेत, २०१८ साली झालेली वडगावची नगरपंचायत आहे, पंचायत समिती आहे आणि शंभराहून अधिक ग्रामपंचायती आहेत. पवन मावळ, नाणे मावळ, आंदर मावळ ही नावं घेतली की पूर्वी भाताची खाचरं आठवायची. मुंबई आणि पुणे या दोन शहरांच्या मधोमध असलेल्या या भागातून २००२ साली द्रुतगती महामार्ग पूर्ण झाला आणि खाचरांकडे पाहण्याची लोकांची नजर बदलली. तळेगावची औद्योगिक वसाहत, पवना धरणाच्या काठचे बंगले, लोणावळ्याची हॉटेलं आणि शनिवार-रविवारची घरं या सगळ्यांनी मिळून इथल्या जमिनीला सोन्याचा भाव आणला.

अशा ठिकाणी स्थानिक पदाचं वजन वेगळं असतं. विकास आराखड्यात रस्त्याची एक रेघ थोडी इकडे सरकली, एखाद्या भूखंडावरचं आरक्षण उठलं किंवा शेतीच्या पट्ट्याचा रहिवासी पट्टा झाला, तर एका रात्रीत जमिनीची किंमत काही पटींनी वाढते. यातले काही निर्णय नगरपरिषदेच्या सभागृहात होतात, काही पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडे, काही मंत्रालयात. पण त्यांची चाहूल सगळ्यात आधी लागते ती स्थानिक पुढाऱ्याला आणि स्थानिक अधिकाऱ्याला. म्हणून त्याची स्वतःची जमीन कुठे आहे आणि ती त्याने कधी घेतली, हा प्रश्न मावळात निव्वळ कुतूहलाचा राहत नाही.

या प्रश्नाची किंमत मावळाने पाहिलेली आहे. तळेगाव दाभाड्याचे सतीश शेट्टी माहितीच्या अधिकाराचा वापर करून जमिनींच्या बेकायदा व्यवहारांची कागदपत्रं बाहेर काढत असत. १३ जानेवारी २०१० रोजी सकाळी फिरायला गेले असताना त्यांचा खून झाला. पुढे तपास सीबीआयकडे गेला. त्या प्रकरणाच्या तपशिलात आज जायचं नाही. पण एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. जी माहिती सरकारने आपणहून सर्वांपुढे ठेवायला हवी, ती एकेका माणसाला अर्ज करून, खेटे घालून मिळवावी लागते, तेव्हा त्या माहितीचा सगळा धोकाही त्या एकट्या माणसाच्या डोक्यावर येतो. तीच माहिती कुणालाही घरबसल्या पाहता आली, तर धोका वाटला जातो आणि कमी होतो.

शपथपत्र आलं कुठून?

उमेदवाराने आपली मालमत्ता जाहीर करायची, ही पद्धत आज इतकी अंगवळणी पडली आहे की ती कायमच होती असं वाटतं. प्रत्यक्षात ती या शतकातली आहे. अहमदाबादच्या आयआयएममधल्या काही प्राध्यापकांनी १९९९ साली 'असोसिएशन फॉर डेमोक्रॅटिक रिफॉर्म्स' ही संस्था काढली आणि दिल्ली उच्च न्यायालयात जनहित याचिका केली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. २ मे २००२ रोजी न्यायालयाने सांगितलं, की आपण कुणाला मत देतो आहोत हे जाणून घेणं हा मतदाराचा हक्क आहे. उमेदवाराने त्याच्यावरचे खटले, त्याचं शिक्षण आणि त्याची, त्याच्या जोडीदाराची आणि अवलंबितांची मालमत्ता व कर्ज जाहीर केलं पाहिजे. हा निर्णय बोथट करण्यासाठी त्याच वर्षी अध्यादेश निघाला, कायदाही बदलला. पण १३ मार्च २००३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते आडकाठी घालणारं कलम रद्द केलं.

हे सगळं लोकसभा आणि विधानसभेसाठी. गावपातळीवरच्या निवडणुका घेण्याचं काम ७३ व्या आणि ७४ व्या घटनादुरुस्तीनंतर राज्य निवडणूक आयोगाकडे आलं. महाराष्ट्रात हा आयोग १९९४ साली स्थापन झाला, आणि ग्रामपंचायतीपासून महापालिकेपर्यंतच्या उमेदवारांकडून तो शपथपत्र घेतो. त्यात मालमत्तेबरोबर आपल्याकडच्या काही खास अटीही येतात. १२ सप्टेंबर २००१ नंतर तिसरं मूल झालेलं नाही ना, हे त्यातलंच एक.

शपथपत्रात खोटं लिहिलं किंवा लपवलं तर काय, याबद्दलही न्यायालयं एकेक पाऊल पुढे गेली. १३ सप्टेंबर २०१३ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की रकाने कोरे ठेवलेलं शपथपत्र म्हणजे न दिलेलंच. आठवण करून देऊनही उमेदवाराने ते भरलं नाही, तर अर्ज फेटाळता येतो. ५ फेब्रुवारी २०१५ चा निकाल तर एका ग्रामपंचायतीतूनच आला. तमिळनाडूतल्या कोइमतूर जिल्ह्यातल्या एका पंचायतीच्या अध्यक्षाने अर्ज भरताना आपल्यावरच्या काही फौजदारी प्रकरणांची माहिती दिली नव्हती. ही लपवाछपवी म्हणजे निवडणुकीतला भ्रष्ट आचार आहे, असं न्यायालयाने ठरवलं. म्हणजे 'एवढ्याशा गावच्या निवडणुकीत कसलं शपथपत्र' असं म्हणण्याची सोय उरलेली नाही.

कागदावरून पडद्यावर

महाराष्ट्रात २०१६ च्या अखेरीस झालेल्या नगरपरिषदांच्या निवडणुकांपासून अर्ज आणि शपथपत्र संगणकावर भरण्याची पद्धत सुरू झाली. लोणावळ्यात त्या फेरीचं मतदान १४ डिसेंबर २०१६ रोजी झालं. पद्धत अशी, की उमेदवाराने आयोगाच्या संकेतस्थळावर आपली नोंदणी करायची, अर्जातले आणि शपथपत्रातले रकाने तिथे भरायचे, भरून झाल्यावर छापील प्रत काढायची, शपथ घेऊन त्यावर सही करायची आणि ती प्रत निवडणूक निर्णय अधिकाऱ्याकडे मुदतीत नेऊन द्यायची. म्हणजे माहिती पडद्यावर भरली जाते, पण कायद्याच्या दृष्टीने वजन आहे ते सहीच्या कागदाला. ज्यांच्या घरी संगणक नाही ते महा-ई-सेवा केंद्रात किंवा सायबर कॅफेत जातात. निवडून आल्यावर किंवा पडल्यावर खर्चाचा हिशेबही द्यावा लागतो. त्याला निकालापासून ३० दिवसांची मुदत असते. तो न देणारा अपात्र ठरू शकतो. या हिशेबासाठी आयोगाने 'ट्रू व्होटर' नावाचं मोबाइल ॲपही काढलं.

याचा फायदा काय? पहिला फायदा अगदी साधा. अक्षर लागतं. पूर्वी हाताने लिहिलेली शपथपत्रं तहसील कचेरीच्या फलकावर डकवली जात. शाई पसरलेली, आकड्यांवर खाडाखोड, गट नंबर कुठला आणि क्षेत्र कुठलं याचा पत्ता नाही. दुसरा फायदा म्हणजे संगणकाला आधी सांगून ठेवता येतं, की अमुक रकाना भरल्याशिवाय पुढचं पान उघडू नकोस. कोऱ्या रकान्यांचा जो प्रश्न २०१३ साली सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, तो असा दारातच सुटू शकतो. बेरजेची चूकही टळते.

तिसरा फायदा वेळेचा, आणि तो सर्वांत मोलाचा आहे. शपथपत्र तपासून ते खरं की खोटं हे ठरवणं निवडणूक निर्णय अधिकाऱ्याचं काम नाही. ते न्यायालयाचं काम आहे आणि तिथे जाण्याची मुदत फार थोडी आहे. नगरपरिषदेच्या निवडणुकीला आव्हान द्यायचं तर निकाल राजपत्रात प्रसिद्ध झाल्यापासून १० दिवसांत जिल्हा न्यायालयात अर्ज करावा लागतो. ग्रामपंचायतीसाठी निकालानंतर १५ दिवसांत दिवाणी न्यायालयात. आता कल्पना करा, पवना धरणापलीकडच्या एका वाडीतल्या माणसाला विजयी उमेदवाराच्या शपथपत्राची नक्कल हवी आहे. त्यासाठी त्याने वडगावला जायचं, अर्ज द्यायचा, 'साहेब मिटिंगला गेलेत' हे ऐकून परत यायचं आणि दोन दिवसांनी पुन्हा जायचं. दहा दिवस कुठे गेले, कळतही नाही. तेच शपथपत्र संकेतस्थळावर असेल, तर मुदतीचा प्रत्येक दिवस त्याच्या कामी येतो.

अर्थात यंत्र आहे म्हटल्यावर ते बंदही पडतं. २०२० च्या डिसेंबरात राज्यातल्या १४ हजारांहून अधिक ग्रामपंचायतींसाठी एकाच वेळी अर्ज भरणं सुरू होतं. मधल्या सुट्ट्यांमुळे दिवस मोजकेच होते. संकेतस्थळावर एवढी गर्दी झाली, की शेवटच्या दिवशी, ३० डिसेंबरला, आयोगाला पारंपरिक पद्धतीने कागदावर अर्ज घ्यायला परवानगी द्यावी लागली आणि वेळही संध्याकाळी साडेपाचपर्यंत वाढवावी लागली. २०२२ च्या डिसेंबरातल्या ग्रामपंचायत निवडणुकीतही तेच करावं लागलं. निर्णय योग्यच होता. सर्व्हर मंद आहे म्हणून कुणाचा निवडणूक लढवण्याचा हक्क जाऊ नये. पण असे कागदावर आलेले अर्ज नंतर त्याच काळजीने संगणकात चढवले पाहिजेत. नाहीतर गर्दीचा दिवस ही माहिती झाकण्याची सोय होऊन बसेल.

उघडं पण एकदाच, दरवर्षी पण बंद

इथपर्यंतचं सगळं तंत्राचं झालं. आता खऱ्या अडचणीकडे वळू. संगणक माहिती नीट भरून घेईल, पण ती किती वेळा भरायची आणि कुणाला दाखवायची, हे तो ठरवत नाही.

लोणावळ्याचंच उदाहरण घ्या. नगरसेवकाच्या मालमत्तेचं जे चित्र मतदाराच्या हाती पडतं, ते उमेदवारी अर्जासोबतचं. २०१६ साली निवडून आलेल्या सभागृहाची पाच वर्षांची मुदत संपली, पण आरक्षणाच्या वादामुळे राज्यातल्या स्थानिक निवडणुका लांबत गेल्या आणि कारभार प्रशासकाकडे गेला. पुढची निवडणूक झाली ती थेट २०२५ च्या डिसेंबरात. राज्यात २ डिसेंबरला मतदान झालं, काही ठिकाणी ते २० डिसेंबरला गेलं, आणि निकाल २१ डिसेंबरला लागला. म्हणजे २०१६ च्या शपथपत्रानंतर पुढचं शपथपत्र आलं ते नऊ वर्षांनी. या नऊ वर्षांत काय आलं, काय गेलं, ते दोन टोकांच्या दोन कागदांवरून ताडायचं. आणि जो माणूस पाच वर्षं पद भोगून पुन्हा उभाच राहिला नाही, त्याचं दुसरं टोकही नाही.

आता दुसरी बाजू पाहा. तहसीलदार, ज्यांना आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात ते तलाठी आणि अशाच शासकीय सेवकांना महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ लागू आहेत. त्यांतल्या १९ व्या नियमाखाली त्यांनी मत्ता व दायित्वांचं विवरणपत्र द्यायचं असतं. ३१ मार्चची स्थिती दाखवणारं विवरण ३१ मेपर्यंत, दरवर्षी. हे झालं शिस्तीचं. पण ते कार्यालयात जातं आणि तिथेच राहतं. माहितीच्या अधिकारात मागितलं तर? अकोल्यातल्या भविष्यनिर्वाह निधी कार्यालयातल्या एका अधिकाऱ्याबद्दल अशीच माहिती मागितली गेली होती. ३ ऑक्टोबर २०१२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, की व्यापक जनहित दाखवल्याशिवाय ही वैयक्तिक माहिती देता येणार नाही. पुढे २०२३ च्या वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याने माहिती अधिकारातलं हे वैयक्तिक माहितीचं कलमच अधिक आवळलं.

गंमत अशी, की वर गेलं तर दार उघडं आहे. भारतीय प्रशासन सेवेतले अधिकारी दरवर्षी ३१ जानेवारीपर्यंत आपल्या स्थावर मालमत्तेचं विवरण देतात. २०१७ पासून ते 'स्पॅरो' नावाच्या प्रणालीत संगणकावरच भरलं जातं आणि केंद्र सरकारच्या संकेतस्थळावर लोकांना पाहता येतं. म्हणजे पुण्याच्या जिल्हाधिकाऱ्याचा फ्लॅट कुठे आहे, हे कामशेतचा दुकानदार पाहू शकतो. पण त्याच्या स्वतःच्या सातबाऱ्यावर नोंदी करणाऱ्या कर्मचाऱ्याचं विवरण त्याला दिसत नाही.

थोडक्यात, निवडून आलेल्याचं विवरण उघडं आहे पण पाच-नऊ वर्षांतून एकदा. नेमलेल्याचं दरवर्षी आहे पण बंद कपाटात. दोन्हीकडे अर्धी अर्धी भाकरी आहे. संगणकीकरणाचा खरा उपयोग या दोन अर्ध्या भाकऱ्या जुळवण्यासाठी व्हायला हवा. नगरसेवकाने आणि सरपंचानेही दरवर्षी भरायचं, आणि निदान स्थावर मालमत्तेपुरतं ते सर्वांना दिसायचं. कागदाच्या काळात हे अवघड होतं. शेकडो गावांचे हजारो कागद दरवर्षी कोण गोळा करणार, कोण लावून ठेवणार? आता ती सबब उरलेली नाही. मागच्या वर्षीचं विवरण पडद्यावर समोर येतं, त्यात बदल असेल तेवढाच भरायचा. दहा मिनिटांचं काम.

ही कल्पना नवीन नाही. शेजारच्या कर्नाटकात, बेळगावसारख्या शहरांना लागू असलेल्या १९७६ च्या महापालिका कायद्यात नगरसेवकाने मुदत सुरू झाल्यापासून महिन्याभरात आणि पुढे दरवर्षी आपल्या व एकत्र कुटुंबातल्या मालमत्तेचं विवरण महापौरांकडे द्यावं, अशी तरतूद आहे. आपल्याकडे खासदारांनाही निवडून आल्यावर, शपथ घेतल्यापासून ९० दिवसांत सभागृहाकडे मालमत्ता जाहीर करावी लागते. आणि १६ फेब्रुवारी २०१८ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने तर असं म्हटलं, की लोकप्रतिनिधींच्या मालमत्तेत मिळकतीच्या मानाने अवाजवी वाढ होते आहे का, हे पाहणारी कायमस्वरूपी यंत्रणा हवी. ते खासदार-आमदारांबद्दल होतं. पण जमिनीचे निर्णय जिथे होतात तिथे त्याची गरज कमी आहे, असं कोण म्हणेल?

सातासमुद्रापार अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्यात १९७४ च्या कायद्याने अशीच पद्धत आणली. तिथल्या शहरांचे सदस्य आणि निर्णय घेणारे अधिकारी '७०० क्रमांकाचा फॉर्म' भरतात: पदावर येताना, मग दरवर्षी, आणि पद सोडतानाही. अनेक ठिकाणी तो आता संगणकावरच भरला जातो. त्यातल्या दोन गोष्टी आपण घेण्यासारख्या आहेत. ते सगळ्या जगातली मालमत्ता विचारत नाहीत. ज्या शहराचा कारभार करता, त्या हद्दीतल्या जमिनींवर भर देतात. स्वतः राहतो ते घर सांगावं लागत नाही. आणि किंमत अचूक आकड्यात न मागता, अमुक ते अमुक या टप्प्यात मागतात. कारण त्यांचा प्रश्न 'हा माणूस किती श्रीमंत' असा नाही. 'आज सभेत ज्या रस्त्यावर हात वर करणार, त्या रस्त्याला याची जमीन लागून आहे का' हा आहे. आपल्याकडेही नगरपरिषदेच्या किंवा ग्रामपंचायतीच्या ठेक्यात हितसंबंध असलेला सदस्य अपात्र ठरतो. पण हितसंबंध कुठे आहे, हे कळायला आधी यादी हवी ना!

शपथपत्र वाचायचं कसं?

यंत्रणा बदलेल तेव्हा बदलेल. आज जे उपलब्ध आहे ते तरी आपण वाचतो का? २०१७ च्या निवडणुकांत आयोगाने उमेदवारांच्या शपथपत्रांचा गोषवारा मतदान केंद्राबाहेर फलकावर लावायला सांगितलं होतं. रांगेत उभ्या असलेल्यांपैकी किती जणांनी मान वळवून तो फलक वाचला असेल, याचा विचार ज्याचा त्याने करावा. संकेतस्थळावर मात्र रांग नाही आणि घाईही नाही. आपल्या प्रभागातल्या उमेदवारांची शपथपत्रं उघडावीत आणि जपून ठेवावीत. पुढच्या निवडणुकीला तुलना करायला ती लागतील.

तुलना करताना एक पथ्य पाळायचं. शेवटची बेरीज पाहून 'बापरे, पाच वर्षांत तिप्पट!' असं म्हणायची घाई करू नये. मावळात वडिलोपार्जित अर्धा एकर असलेल्या माणसाने काहीही न करता त्याची किंमत वाढत राहते. तो दोष त्याचा नाही. बेरजेऐवजी ओळी पाहाव्यात. जुन्या शपथपत्रात नसलेला एखादा गट नंबर नव्यात आला आहे का? तो कधी घेतला, किती किमतीला घेतला, त्यासाठी कर्ज काढलं की नाही? आणि उलट, जुन्या यादीतली एखादी ओळ गळाली आहे का? गळाली असेल, तर विकल्याचे पैसे कुठे दिसतात?

दुसरी गोष्ट, गट नंबर सापडला की तो सातबाऱ्याशी ताडून पाहता येतो. सातबारा संगणकावर पाहता येतो आणि २०१८ पासून डिजिटल सहीचा उताराही मिळतो. उताऱ्यावर क्षेत्र हेक्टर-आरमध्ये असतं, बोलताना आपण गुंठ्यात बोलतो. त्यात गोंधळायचं कारण नाही. एक आर म्हणजे १०० चौरस मीटर आणि एक गुंठा म्हणजे १०१.१७ चौरस मीटर, जवळजवळ सारखंच. ४० गुंठ्यांचा एकर. खरेदीखत झालं असेल, तर नोंदणी विभागाच्या सूची क्रमांक दोनमध्ये त्याची किंमत आणि तारीख सापडते. किमतीत फरक दिसला म्हणून लगेच आरोप करू नये. बाजारभाव, शासनाचा वार्षिक दर आणि प्रत्यक्ष दिलेली किंमत हे तीन वेगळे आकडे असतात. आणि सर्वोच्च न्यायालयाने ९ एप्रिल २०२४ च्या एका निकालात हेही सांगितलं आहे, की उमेदवाराने घरातली प्रत्येक बारीकसारीक चीजवस्तू लिहिलीच पाहिजे असं नाही. मतदाराच्या निर्णयावर परिणाम होईल एवढं मोल असलेली गोष्ट लपवता कामा नये. विचारायचं ते मोठ्या गोष्टींबद्दल, आणि कागद हातात घेऊन.

आणखी एक काळजी सरकारने घ्यायला हवी. माहिती उघडी करायची म्हणजे सगळंच उघडं टाकायचं असं नाही. जमिनीचा गट नंबर लोकांना हवा. बँकेच्या खात्याचा नंबर, पॅन क्रमांक, मुलाबाळांचे तपशील कुणाला नकोत. कागदावर काळी रेघ ओढून हे झाकावं लागतं आणि ओढणारा विसरतो. संगणकात कुठला रकाना दाखवायचा आणि कुठला नाही, हे एकदा ठरवलं की झालं. निवडणुकीला उभी राहणारी गावातली एखादी भगिनी किंवा तरुण मुलगा या भीतीने मागे हटू नये, हेही लोकशाहीचंच काम आहे.

आणि आयोगाकडून एक साधी अपेक्षा. शपथपत्र भरून घेताना सगळी माहिती संगणकात सुटी सुटी असते: नाव, गट नंबर, क्षेत्र, किंमत. लोकांना मात्र बहुतेकदा दिसतं ते सही केलेल्या कागदाचं चित्र. चित्रात शोध घेता येत नाही. अमुक गावातली जमीन कुणाकुणाच्या विवरणात आहे, असं विचारलं तर उत्तर मिळत नाही. एकेक पान उघडून डोळ्यांनी पाहावं लागतं. जी माहिती उमेदवाराने स्वतः रकान्यांत भरून दिली, ती त्याच रूपात लोकांना दिली आणि जुन्या निवडणुकांची शपथपत्रंही जागेवर ठेवली, तर वेगळा खर्च फारसा नाही.

लोणावळ्याच्या नव्या सभागृहाची आणि त्याच्या सोबतीला बसलेल्या राज्यभरच्या सभागृहांची मुदत आता सुरू झाली आहे. पुढच्या पाच वर्षांत विकास आराखडे येतील, रस्ते रुंद होतील, बांधकामाच्या परवानग्या दिल्या जातील. त्यातले बहुतेक निर्णय प्रामाणिकपणेही होतील. प्रामाणिक माणसालाही आपला प्रामाणिकपणा दाखवायला काहीतरी साधन लागतं. दरवर्षी भरलेलं, सर्वांना दिसणारं विवरण हे ते साधन आहे. कायदा ते मागेपर्यंत थांबायचंही कारण नाही. एखाद्या नगरसेवकाने, एखाद्या सरपंचाने येत्या ३१ मार्चचं आपलं विवरण स्वतःहून नगरपरिषदेच्या किंवा ग्रामपंचायतीच्या फलकावर लावलं, तर त्याला कुणाची परवानगी लागत नाही. आणि ग्रामसभेत उठून 'तुम्ही लावणार का?' असं विचारायला आपल्यालाही लागत नाही.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)